जांभूळमुऱ्याचा फोन

"ताई, नवाचं घ्या. एक मीटर सोळा."

डाव्या खांद्यावर ऋचा, मानेत अडकवलेला रिसीव्हर आणि उजव्या हातात पेन्सिल, अशी मी व्हरांड्यात उभी होते. रजिस्टरात नऊच्या पुढे एक-सोळा लिहिलं.

"किसन कसा आहे?"

"अंग तापलंय अजून. रातभर मांडीवरनं खाली उतरला न्हाई. नाना बी घरात न्हाईत, छातीचा फोटो काडाय तालुक्याला गेल्यात. तुमचीचं दात आलं का हो?"

"कुठले. नुसती रडते."

"ऐकू येतंय की मला," शालन म्हणाली आणि हसली. तिचं हसणंही त्या दिवशी झिजल्यासारखं वाटलं. "खालचं दोन आदी येत्यात. ते आलं की गप हुईल बगा."

फोन ठेवला आणि आठवलं, सांगायचं राहिलंच. सकाळी बूट घालता घालता माझा नवरा जयंत म्हणाला होता, जांभूळमुऱ्याला सांग, आज दर तासाचा आकडा पाहिजे, एकही चुकवायचा नाही. मी हो म्हटलं होतं. पण बोलता बोलता ऋचानं रिसीव्हरची वायर तोंडात घातली, ती काढण्यात तेवढं निसटलं. दहाला सांगू, असं मी मनाशी म्हटलं. चार रात्री मी सलग तासभरसुद्धा झोपले नव्हते. त्या दिवसांत मी सगळंच पुढच्या तासावर ढकलत असे.

ऋचा यंदा चौथीत गेली. म्हणजे या गोष्टीला नऊ वर्षं झाली.

शेलवड्याचं धरण जुनं, दगडी. मधला भाग गळायला लागला म्हणून तो पाडून पुन्हा बांधायचं काम चाललं होतं. जयंत त्या कामावर ओव्हरसियर होता, सगळे त्याला रावसाहेब म्हणत. धरण पाडता येतं, बांधता येतं, नदी मात्र कुठं ठेवून देता येत नाही, असं तो म्हणायचा. तिला बाजूनं काढून द्यावी लागते. त्यासाठी कामाच्या वरच्या अंगाला मातीचा एक आडबांध घातला होता. अडलेलं पाणी उजव्या काठानं खोदलेल्या वळणकालव्यातून फिरून धरणाच्या खाली पुन्हा पात्रात पडायचं. कालव्याच्या तोंडाशी लाकडाच्या जाड फळ्या होत्या, त्या चढवल्या की पाणी बंद, एकेक काढली की सुरू.

त्या मंगळवारी कालवा एक दिवसापुरता बंद ठेवायचा होता. त्याचा तळ पाण्यानं खणून काढला होता, तिथं काँक्रीट ओतायचं होतं. सकाळी सहाला फळ्या चढवल्या, संध्याकाळी सहाला काढायच्या. तेवढा वेळ येणारं पाणी आडबांधामागं साठणार होतं. हिशोब नेमका होता, पण नदी आहे तेवढीच राहिली तर. वर अठरा किलोमीटरवर जांभूळमुरा नावाची वाडी आहे, तिथं नदीत पाण्याची उंची दाखवणारी पट्टी रोवलेली होती. तिथून निघालेलं पाणी आमच्यापर्यंत यायला अडीच तास लागत. पट्टीवर एक-चाळीस झालं की काम थांबवायचं आणि कालवा उघडायचा, असं ठरलेलं.

वाडीपासून धरणापर्यंत खात्याची स्वतःची तार होती. हँडल फिरवून घंटी वाजवायचा जुना फोन. धरणावरची त्याची खोलीच पाडकामात गेली, म्हणून तो आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात आणून बसवला. फोनवरच्या माणसाची बदली झाली, त्याच्या जागी कुणी आलं नाही. कागदोपत्री फोन घ्यायचा तो चौकीदार सर्जेराव. पण सर्जेमामांना साइटवर शंभर कामं, आणि मी घरातच असायची. आकडा मी लिहायची आणि संध्याकाळी सर्जेमामा येऊन रकान्याखाली ओळीनं सह्या करायचे. "वहिनी, तुमचं अक्षर लई देखणं," ते म्हणायचे. "माझी सही त्याखाली म्हशीच्या पावलावानी दिसती."

तारेच्या त्या टोकालाही तेच चाललं होतं. गेज, म्हणजे ती पट्टी, वाचायचं काम गंगारामनाना ढेब्यांचं, बावीस वर्षं रोजंदारीवर. त्यांना कायम करायची फाइल वर गेली होती, दिवाळीपर्यंत कागद येईल असं सगळे म्हणत होते. आणि जूनमध्ये त्यांची छाती गेली. दहा पावलं चालले की भिंत धरायचे. मुलगा मुंबईला माथाडीत. म्हणून सून शालन पट्टी वाचायची, नानांचं नाव लावायची. "दिवाळीपातूर कुणाजवळ बोलू नगा ताई," शालननं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी जयंतला तेवढं सांगितलं. तो म्हणाला, आकडा वेळेवर येतोय ना, मग आपण कोणत्या तोंडानं बोलायचं?

शालनला मी कधी पाहिलं नव्हतं. तीन महिने दर तासाला तिचा आवाज ऐकत होते. तिचा किसन आणि माझी ऋचा पंधरा दिवसांच्या अंतरानं जन्मलेले. वेखंड किती उगाळायचं, टाळू कधी भरते, रात्री दचकून उठलं तर काय करायचं, सगळं आम्ही आकड्यानंतर बोलायचो. कॉलनीत दुसरी बाई नव्हती. माझी आई तीनशे किलोमीटरवर. मला वाटतं त्या पावसाळ्यात मी शालनइतकं कुणाशीच बोलले नाही.

ऑगस्टमध्ये एकदा ती फोनवर रडली. त्यांच्या घरापासून नदीपर्यंत एकशेचाळीस पायऱ्या, दगडाच्या, शेवाळलेल्या. नाना पडून, घरात तिसरं माणूस नाही, पोराला कफ. दर तासाला त्याला पाठीशी बांधून पावसात उतरायचं आणि चढायचं. "दोनदा घसारले ताई," ती म्हणाली. "कवातरी ह्येला घिऊनच जानार मी."

मी स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. मला तिचं ऐकवेना. मी म्हटलं, हे बघ, तू एक तासाआड जा. मागचे दोन आकडे बघायचे, त्यांचा कल काढायचा. दोननं उतरलं असेल तर पुढचा दोन कमी धर. पाणी काही एकदम उडी मारत नाही. त्याच्या पुढच्या तासाला खरा आकडा येतोच.

"चालंल का तसं?" तिनं विचारलं.

"चालतं. असंच करतात," मी म्हटलं.

मग तासभर बसून मी तिला फोनवर शिकवलं. ती पटकन शिकली. आठवडाभरात तिच्या अंदाजाचे आकडे आणि खरे आकडे मलासुद्धा वेगळे ओळखू येईनात. मला त्याचं कौतुक वाटलं होतं. जयंतला हे मी सांगितलं नाही. काय सांगायचं, असंच वाटलं.

त्या मंगळवारी दहाचा फोन आला तेव्हा मी ऋचाला आंघोळ घालत होते. सर्जेमामा नेमके दारात होते, त्यांनी घेतला, एक-चौदा. अकराला शालन कुजबुजत बोलली, "आत्ता निजलंय हो," एवढं म्हणून आकडा दिला आणि ठेवून दिला. बाराला तसंच. मी सांगायला तोंड उघडेपर्यंत फोन बंद.

आमच्या व्हरांड्यातून नदीचं पात्र दिसायचं. त्या दिवशी ते रंगानं भरलं होतं. घट बसायला चार दिवस राहिले होते. त्याआधी घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर धुऊन आणायची, ही तिकडची रीत. सर्जेमामांनी आठवडाभर आधीच खालच्या कोळवड्यात सांगून ठेवलं होतं, मंगळवारी दिवसभर पाणी बंद, पात्र कोरडं. बायकांना एवढा सोयीचा दिवस कुठला मिळणार? डोहात साठलेल्या पाण्यात धुवायचं आणि उघड्या पडलेल्या कातळांवर वाळत घालायचं. सकाळी आठपासून अख्खं गाव पात्रात होतं. पन्नास-साठ बाया, त्यांची पोरं आणि दोन्ही काठांपर्यंत पसरलेल्या गोधड्या. सर्जेमामांची बायकोही तिथंच होती. माझी दोन पांघरुणं आणि ऋचाचं दुपटं ती सकाळी स्वतःहून मागून घेऊन गेली होती.

एकला फोन आला. "एक-आठ," शालन म्हणाली. "वरच्या अंगाला गडगडतंय जरा. हितं ऊनच हाय."

ऋचा पाळण्यात झोपली होती. चार दिवसांत पहिल्यांदाच. मी आकडा लिहिला, डोळे मिटून मिनिटभर खुर्चीत टेकले आणि उघडले तेव्हा समोर रजिस्टर होतं. एक-सोळा, एक-चौदा, एक-बारा, एक-दहा, एक-आठ.

माझंच अक्षर. किती नीट उतरत होती नदी.

हस्त नक्षत्र लागलं होतं. हत्तीचा पाऊस एका बांधावर पडतो आणि दुसरा बांध कोरडा ठेवतो, हे मला सर्जेमामांनीच सांगितलं होतं. जांभूळमुऱ्याला ऊन होतं, पण नदी काही जांभूळमुऱ्याला उगम पावत नव्हती.

मी हँडल फिरवलं. बराच वेळ कुणी उचललं नाही.

"शालन, एकचा आकडा बघून आलीस?"

"अं?" ती म्हणाली.

"बाराचा?"

"न्हाई ताई. अकराचा तेवढा खरा. बाराला तर सोडायचाच हुता, एकला जाणार हुते मी. पर किसननं डोळं फिरवल्यावानी केलं, त्याला टाकून कशी..." ती थांबली. "दोनला जाते. आत्ताच जरा निजलाय."

"आत्ता जा."

"उटंल त्यो."

"शालन, आज कालवा बंद आहे. खाली बायका आहेत नदीत. जा तू."

"पाठीशी बांदते मग."

"बांधू नकोस," मी म्हटलं. "वेळ जाईल. ठेव त्याला आणि पळ. मी आहे इथं, फोन ठेवू नकोस, मी ऐकतेय."

काय ऐकणार होते मी, अठरा किलोमीटरवरून? पण ती म्हणाली, "बरं." रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग अनवाणी पावलं, लांब जाणारी. मग काही नाही.

बहुधा घंटीनंच तो जागा झाला असेल, माझ्याच घंटीनं. आधी कुरकुर आली, मग रडणं. तापलेल्या मुलाचं रडणं वेगळं असतं, ते चढत नाही, एकाच पट्टीत घासत राहतं. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभी होते. माझी मुलगी माझ्यापासून चार हातांवर झोपली होती आणि माझ्या कानात दुसरीचं मूल रडत होतं. मी "किसन, किसन," अशी हाकही मारली. पोलक्याच्या दोन्ही बाजू ओल्या झाल्या, तेव्हा मला कळलं की मला पान्हा आला आहे.

घड्याळ भिंतीवर होतं. एक वाजून दहा. बारा. खाली पात्रात कुणीतरी मोठ्यानं हसलं, एक बाई दुसरीच्या अंगावर पाणी उडवत होती. चौदा मिनिटं.

मग रडणं थांबलं.

कमी कमी होत नव्हे, एकदम थांबलं. मी श्वास धरून ऐकत राहिले. तारेची खरखर तेवढी. एकशेचाळीस पायऱ्या माझ्या मनात आल्या. घराचं दार तिनं लावलं होतं का, हे मी विचारलं नव्हतं. लावू दिलंच नव्हतं.

एक वाजून अठरा मिनिटांनी पावलं आली. धापा. रिसीव्हर उचलताना तिच्या हातून एकदा पडला.

"दोन-पाच," ती म्हणाली. "दोन मीटर पाच. लाल पाणी हाय ताई, झाडं येत्यात."

मी म्हटलं, "किसन?"

ती म्हणाली, "उंबऱ्यापातूर आलं हुतं. उंबऱ्यावर डोकं टिकवून निजलंय," आणि रडायला लागली. मी फोन ठेवला. मला ठेवावा लागला.

सर्जेमामा फाटकाशी होते. त्यांना आकडा कागदावर लिहून दिला आणि सायकलवर पिटाळलं. पुढचं मी व्हरांड्यातून पाहिलं. मिक्सर थांबले. भोंगा तीनदा वाजला. पात्रातल्या बायकांनी वर पाहिलं. वर ऊन होतं, पात्र कोरडं होतं. त्या लगबगीनं उठल्या, पण काठाकडं नाही, आपापल्या गोधड्यांकडं. ओली गोधडी एकटीला उचलत नाही, दोघींनी धरून पिळावी लागते. आणि ती टाकून कुणी येत नाही. तिच्यात आईचं लुगडं असतं, सासूचं असतं, गेलेल्या माणसाचं धोतर असतं.

सर्जेमामा सायकल टाकून पात्रात उतरले. लांबून ते मला दिसत होते, बायकोच्या हातातलं ओढून फेकताना आणि तिनं ते पुन्हा उचलताना. शेवटी त्यांनी तिच्याजवळची लहान नात उचलली आणि काठाकडं पळत सुटले. मग ती गोधडी टाकून त्यांच्या मागं धावली, आणि तिला बघून बाकीच्या हलल्या.

पावणेदोनला जयंतनं पहिली फळी काढायला लावली. सकाळपासून ओतलेलं काँक्रीट अजून ओलं होतं, त्याच्यावरून पाणी सोडलं. सगळ्या फळ्या एकदम काढल्या नाहीत. दहा-दहा मिनिटांनी एक, म्हणजे खाली पाणी पायरीपायरीनं चढावं आणि वरचा लोंढा पोचेपर्यंत आडबांध रिकामा व्हावा. लोंढा अडीचच्या सुमाराला आला, म्हणजे जांभूळमुऱ्याहून तो बाराच्याच सुमाराला निघाला होता. आडबांध टिकला. पात्रात तोवर माणूस राहिलं नव्हतं. एका म्हातारीचा पाय कातळात अडकून मोडला. कोळवड्याची निम्मी पांघरुणं गेली, ऋचाचं दुपटंही गेलं. मी पाहिलं ते जाताना, किंवा मला तसं वाटलं. लाल पाण्यावर सगळे रंग सारखेच दिसत होते.

चार वाजता जयंत घरी आला, हातपाय न धुता खुर्चीत बसला. रजिस्टर त्याच्या मांडीवर होतं. बराच वेळ बघून म्हणाला, "बारा आणि एक खोटे आहेत."

"हो."

"तुला कसं कळलं?"

मग मी त्याला ऑगस्टमधलं सांगितलं. तो ओरडला नाही. नुसते तोंडावरून दोन्ही हात फिरवले. त्या दिवशी ओरडायला कुणातच काही शिल्लक नव्हतं.

चार दिवसांनी चौकशीला मोठे साहेब आले. धरणावर बसायला जागा नव्हती, म्हणून आमच्याच व्हरांड्यात टेबल मांडलं. सकाळी जयंत मला म्हणाला होता, "तू मध्ये बोलू नकोस. तुझं नाव निघालं की फोन कोण घेत होतं ते निघेल. सर्जेरावच्या सह्या निघतील. तो जाईल, मी जाईन." मी चहाचे कप पुसत होते. "ऐकलंस ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, ऐकलं.

जीपमधून गंगारामनाना उतरले, फाटक धरून उभे राहिले. त्यांच्या मागून एक बाई उतरली. मी मनात कुणी उंच, हाडापेरानं मोठी बाई धरली होती. ही माझ्या खांद्याला लागेल एवढीच, अठरा-एकोणीस वर्षांची पोर. पाठीशी किसन, डोक्याला कुंची. त्याचा ताप उतरलेला दिसत होता.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर पुढं गेली. चेहरा तिला ठाऊक नव्हता. ती व्हरांडाभर बघत होती. मला कळलं, ती बघत नव्हती, कान देत होती. कुणीतरी बोलेल आणि ओळख पटेल म्हणून.

साहेब चांगले होते. त्यांनी नानांना खुर्ची दिली. पट्टी सून वाचते हे नानांनी पहिल्याच प्रश्नाला कबूल केलं, बोलताना त्यांना धाप लागत होती. मग साहेब शालनकडं वळले. मूल आजारी होतं, एकटीच होतीस, उतरली नाहीस, हे मी समजू शकतो, ते म्हणाले. आणि नंतरचा आकडा तूच पळत जाऊन दिलास, तेही मी लिहिलंय. मग त्यांनी रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं.

"पण हे बघ. दोन, दोन, दोन. बिचकलेला माणूस आकडा ठोकून देतो तेव्हा मागचाच परत देतो. हा उतार काढलेला आहे. ऑगस्टपासून काढलेला आहे, मी मागची पानं आकडेमोड करून पाहिली. शिकलीस किती?"

"चौथी."

"चौथीत हे शिकवत नाहीत. कोणी सांगितलं तुला असं करायला?"

शालन खाली बघत होती.

"घाबरू नकोस," साहेब म्हणाले. "खात्यातल्या कुणी सांगितलं असेल, तर चूक त्या माणसाची. तुझ्या सासऱ्यांना त्याचा त्रास होणार नाही. त्यांची फाइल माझ्याच टेबलावर आहे. नाव सांग फक्त."

नानांनी मान वर केली. "सांग की पोरी," ते म्हणाले.

सर्जेमामा फाटकाकडं बघत होते. जयंत कागद नीट लावत होता, आधीच नीट असलेले. मी ट्रे धरून उभी. एक वाक्य बोलायचं होतं. बोलायचं तरी कशाला, नुसतं "साहेब" म्हटलं असतं तरी तिनं मला ओळखलं असतं.

तेवढ्यात आत ऋचा उठली आणि रडायला लागली.

शालनची मान झटकन वळली. दाराकडं, पाळण्याच्या आवाजाकडं, आणि मग माझ्याकडं. तीन महिने दर तासाला तिनं ते रडणं ऐकलं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. साडीकडं, हातातल्या ट्रेकडं, माझ्या मिटलेल्या तोंडाकडं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. थकलेल्या बाईनं दुसऱ्या थकलेल्या बाईकडं बघावं, तसं ती बघत होती.

मग ती साहेबांना म्हणाली, "कुणी न्हाई सांगितलं. माज्याच मनानं केलं."

"नक्की?"

"व्हय."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. नानांना खोकला आला, तो थांबेना. मी ट्रे ठेवून आत गेले आणि ऋचाला उचललं. नानांचं नाव त्याच आठवड्यात हजेरीपटावरून निघालं. फाइल परत आली की तिथंच राहिली, ते मी कधी विचारलं नाही. पुढच्या मे महिन्यात आमचीही बदली झाली.

जीप निघायच्या आधी शालन पायरीशी आली. किसनला पाणी पाजायला भांडं मागितलं, कुणाला उद्देशून नाही, नुसतंच. मी कोमट पाणी आणून दिलं. तिनं त्याला पाजलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं, भांडं विसळून माझ्या हातात परत दिलं. मग कडेवरच्या ऋचाच्या हनुवटीला एक बोट लावलं.

"दात आलं का हो?" तिनं हळूच विचारलं.

मी नुसती होकाराची मान हलवली. खालचे दोन आले होते, आदल्याच दिवशी. तेवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.